पुलावर सहा माणसं

४ नोव्हेंबर, मंगळवार
काल लिहिलं की सरांनी मला नक्कल करायला मूळ चित्र दिलं. ते चूक आहे. दिली ती आधीच्या एका विद्यार्थिनीने केलेली नक्कल. मागे ‘निधी’ अशी सही आहे. बाकी कालचं सगळं खरं: गोंदियाहून रायपूरला नोकरीवर आल्याचा आनंद, सदर बाजारात सराफाच्या दुकानावर भरणारा अच्युत सरांचा चित्रकलेचा सकाळचा वर्ग, खिडकीतून येणारं भरपूर ऊन.

चित्र परदेशातल्या जुन्या शहराचं. सोनेरी संध्याकाळ, उंच मनोरे, दगडी पूल. एका मनोऱ्याला पायाच नाही. बाबा रेल्वेत नकाशे काढायचे. मला घरीच त्यांनी शिकवलं. असला मनोरा त्यांनी फाडून टाकला असता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नक्कल मापात यावी म्हणून कागदावर चौकोन आखून झाले. भिंतीवर सात चित्रं ओळीने आहेत. पहिलं सरांचं, पुढची सहा विद्यार्थ्यांची. प्रत्येकाने आधीच्याची नक्कल केलेली. सरांच्या पुलावर कोणीच नाही. पुढच्यात एक माणूस, मग दोन, असं करत निधीच्या चित्रात सहा. सहा जणांनी एकेक माणूस जास्तीचा घुसवला आणि सरांना दिसलं नाही! याला म्हणे शिकवणं.

मी मोजत होते तर सर म्हणाले, काहून मोजून राहिली वं पोरी, वरात आली का? शेजारची सोनिया खिदळली: दीदी, पेंटिंग कर रही हो या जनगणना? तिला अजून सुरई सरळ काढता येत नाही.

माझ्या पुलावर सहाच असतील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सात आहेत. सातवी बाई मी काढलेली नाही. पांढरा रंग फासला. वाळल्यावर ती परत वर आली. चेहरा नाही. मोहरी रंगाची ओढणी माझीच, टोकावरच्या इस्त्रीच्या डागासकट.

सर ब्रश पुसत म्हणाले, नक्कल करणाऱ्याले काय नाव अन् काय गाव, शहर भरलं पाहिजे. निधी कुठे असते, विचारलं. सोनिया म्हणाली, कौन निधी? फळ्यावर तिचा आणि निधीचा फोटो आहे, गळ्यात गळे घालून, खाली दोघींची नावं. निधीच्या पुलावरची सहावी बाई म्हणजे निधीच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ब्रशला हात लावत नाही. तरी रोज एक चौकोन भरतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
घरमालकीण मंदाकिनी काकू दारातच म्हणाल्या, खोली रिकामी नाही. माझीच खोली. आईला फोन केला. तिने फार आदराने विचारलं, कोण बोलून राहिले जी आपण?

दोनदा नाव सांगितलं. तिने —

१९ नोव्हेंबर, बुधवार
वर्गाच्या हजेरीत नाव नाही. सरांना मात्र मी आठवते. हसतात. तीन चौकोन उरले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दोन. चेहऱ्याचा चौकोन शेवटचा, शनिवारी भरणार.

हे पाप आहे का, सकाळपासून विचार करतेय. असेल. पण त्या चौकोनात माझ्याऐवजी सरांचा चेहरा बसतो. मापं घेतली आहेत: लोंबते कान, पानाने रंगलेली जिवणी, डोळ्यांतलं अंतर. सुंदर काढायची गरज नाही. हुबेहूब पुरे.

ते आठला येतात. मी सातलाच जाऊन तो चौकोन भरेन. उद्या, शुक्रवार, २१ नोव्हेंबर —