प्रकाशा, म्हसावद, माया जास्त

शहादा, दि. ६ जानेवारी २०२५

नात चि. इफ्फत हिस वहाबदादाचे सलाम-दुवा. वि. वि.

तुझी चिठ्ठी जालमसिंगच्या जीपने पोचली. त्याने ती गियरजवळ ठेवली होती, म्हणून कोपऱ्याला तेलाचा डाग पडला आहे. मी बोललो तर म्हणतो, मन्ही गाडी शे, पोस्ट नही. फोनवर मला नुसता वारा ऐकू येतो, तेव्हा आपला सगळा कारभार त्याच्याच गाडीवर. त्याला दुखवून चालणार नाही.

पांढरी बटणं आणि कॉलरचा कॅनव्हास पाठवतो आहे. पण धडगावात पांढरा कोट कोण शिवून घेतंय? तू ब्लाउज, कुर्ते, पिशव्या शिवतेस असं लिहिलं होतंस. डॉक्टर तर तयार कोट घेतात. तीन दिवस याच विचारात आहे. नीट लिही.

मशीनखाली लाकडाचा तुकडा दे, हलतं मशीन टाका सोडतं. तुझी आजी अख्तरबानो गेली तेव्हा तिची मापांची वही तू हट्टाने नेलीस. ती उंदरांपासून जप. घाटात रात्रीचा प्रवास करू नका. नातजावई जाहिदमियाँना सलाम. लवकर लिही, नाहीतर मी जीप आली की स्टँडवर जाऊन बसतो आणि लोक हसतात.

तुझा काळजीखोर
वहाबदादा


धडगाव, दि. ११ जानेवारी २०२५

ती. दादांस इफ्फतचा आदाब. वि. वि.

सामान मिळालं. मशीनखाली लाकूड दिलं. उंदीर नाहीत.

डॉक्टर नव्हे, नर्स आहे. नाव चेतना, वय पंचवीस. एक फेब्रुवारीला इथल्या दवाखान्यात रुजू होणार. तिची आई छायाबाईसुद्धा नर्सच होती. चेतना दोन वर्षांची असताना ती तापाने गेली. लग्नानंतर माहेरच्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे माहेर कुठलं हेही या मुलीला ठाऊक नाही. वडिलांना, दोधूभाऊंना, विचारलं की ते उठून बैलांना पाणी दाखवायला जातात. एकदाच त्यांच्या तोंडून निघालं, की तिचा कोट शहाद्याच्या वहाब टेलरने शिवला होता. मी तुमची नात हे कळल्यावर ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मला आईच्या मापाचा कोट हवा, आईचं माझ्याकडे एवढंसुद्धा काही नाही.

मी वही काढली आणि दादा, सापडलं! तुमच्याच अक्षरात आहे. १२ जून १९९९, छाया नर्सबाई, कोट. लांबी, बाही, खांदा अक्षरांत लिहिलंय. छाती आणि पोटाचा घेर मात्र नाही, तो आठवून कळवा. पुढे लिहिलंय, प्रकाशा, म्हसावद, माया जास्त. वहीत प्रत्येक बाईच्या नावापुढे अशी दोन गावं आहेत. आजी किती चौकस, माहेर आणि सासर दोन्ही लिहून घ्यायची! दोधूभाऊंचं मूळ गाव म्हसावदकडचंच, म्हणजे ताळा जुळला. मी चेतनाला सांगितलं, तुझं आजोळ प्रकाशा. ती वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून खाली बसली. रविवारी ती प्रकाशाला जाणार आहे.

तुम्हाला त्या बाईंची काही आठवण आहे का? माझ्यावर लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

आपली नात
इफ्फत


शहादा, दि. १५ जानेवारी २०२५

चि. इफ्फत हिस सलाम-दुवा. वि. वि.

त्या पोरीला थांबव. प्रकाशाला जाऊ देऊ नकोस. जालमसिंग पुतण्याच्या लग्नात गुंतला म्हणून तुझी चिठ्ठी मला आज मिळाली. भाग्येश मोबाईलवाल्याकडून चार वेळा फोन लावून घेतला, तुला रेंज नाही. जीप आता सोमवारीच सुटेल. मला जेवण गेलं नाही.

ती गावं नव्हेत, मापं आहेत. आपलं दुकान रस्त्यावर, बाकावर गिऱ्हाईक बसलेलं. तुझी आजी पडद्याआड बायकांची मापं घ्यायची आणि मी बाहेर लिहायचो. आकडा मोठ्याने सांगितला की आतली बाई लाजेने अर्धी व्हायची. म्हणून आजीने आधी छाती, मग पोट, अशी दोन्हींना धडगावच्या रस्त्यावरची गावं लावली. नंदुरबार तीस, कोरीट बत्तीस, प्रकाशा चौतीस, शहादा छत्तीस, म्हसावद अडतीस, धडगाव चाळीस. जितकी बाई अंगाने भरलेली तितकी घाटाकडे. तुझं लग्न धडगावला ठरलं तेव्हा आजी ओढणीत तोंड लपवून का हसत होती, ते आता तुला कळेल. मी तुला हे आधी सांगायला हवं होतं. बायकांची गोष्ट, सांगायची लाज वाटली.

ती पोरगी गेली असेल तर माझ्या नावाने माफी माग.

वहाबदादा


धडगाव, दि. २१ जानेवारी २०२५

ती. दादांस आदाब. वि. वि.

चेतना जाऊन आली होती. देवळाजवळच्या फुलवाल्या, नदीकाठच्या म्हाताऱ्या, सगळ्यांना विचारत दिवसभर फिरली. एका म्हातारीला छाया नावाची मुलगी आठवली, हिने तिच्या पायावर डोकं ठेवलं, मग कळलं की ती छाया अजून जिवंत आहे आणि सुरतेला असते. परत आली ती माझ्याशी बोलली नाही. वर तुमची चिठ्ठी. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी मी वही घेऊन तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, म्हणजे प्रकाशा माझ्या आईची छाती आहे? मग टेप मागून तिने स्वतःचं माप घेतलं. तीही चौतीस. पहिल्यांदा हसली.

पण दादा, आता मीच अडले आहे. छाती प्रकाशा आणि पोट म्हसावद, चौतीसवर अडतीस? असं अंग कुणाचं असतं? दोधूभाऊंनी एवढंच सांगितलं, की ती काडीसारखी होती. तुमची चूक झाली असेल का? रागावू नका. कोट एक तारखेला हवा आहे.

आपली
इफ्फत


शहादा, दि. २४ जानेवारी २०२५

चि. इफ्फत हिस सलाम-दुवा. वि. वि.

रागावलो नाही, घाबरलो आहे. तुला एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. मी चौथीतून शाळा सोडली. तीन आणि सहा हे आकडे मला अजून एकमेकांसारखे दिसतात. त्यापायी एका मास्तरांची पँट मी अशी शिवली की त्यात दोन मास्तर मावले असते. तेव्हापासून आजीने वहीत मापांचे आकडेच बंद केले, सगळं अक्षरांत. पण म्हसावदचं उलटं काय होणार?

दोन दिवस आठवतो आहे. बाई बारीक होती खरी. चेहरा उतरलेला, सारखं पाणी मागत होती. पडद्याआड दोघी फार वेळ हसत होत्या. आजीने म्हसावद सांगितलं, मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा म्हसावदच सांगितलं. मग म्हणाली, माया जास्त ठेवा, ही बाई अजून धडगावपर्यंत जायची आहे. मी म्हटलं, गाडी चुकेल हिची, लवकर आटपा. तर दोघी आणखी हसल्या. बदली धडगावला झाली असेल असं मी समजलो. कोटाच्या शिलाईत दोन्हीकडे तीन तीन बोटं माया ठेवली, उसवून सोडायला. का ते विचारलं नाही.

माझं ऐकशील तर पोट कोरीटने काप. पोरीचा पहिला दिवस आहे, अंगावर झोळणा नको. चूक माझी, तिला कशाला?

वहाबदादा


धडगाव, दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस आदाब. वि. वि.

मी पोट कोरीटने कापलं नाही. तुमची चिठ्ठी चेतनासमोरच वाचत होते. ‘धडगावपर्यंत जायची आहे’ या शब्दांशी आले आणि थांबले. तिला जन्मतारीख विचारली. ३ ऑक्टोबर १९९९. वहीतली तारीख १२ जून. दादा, बोटं मोजा.

तुमची चूक नव्हती. आजी गाडीबद्दल बोलत नव्हती.

कोट म्हसावदनेच शिवला आणि माया ठेवली तेवढीच, तीन तीन बोटं. काल सकाळी ती घालायला आली. छाती, खांदा नेमके बसले. पुढे पोटावर कापड सुटं राहिलं. मी सवयीने टाचणी उचलली. तिने माझा हात धरला. ते सुटं कापड मुठीत घेऊन म्हणाली, ताई, इथे मी आहे ना? राहू द्या. आणि तशीच दवाखान्यात गेली. दोधूभाऊ तिला सोडायला आले होते. ते या वेळी उठून गेले नाहीत.

आता एकच विचारते. आजीने ही गोष्ट तुम्हाला नंतरही कधी सांगितली नाही?

आपली
इफ्फत


शहादा, दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. इफ्फत हिस सलाम-दुवा. वि. वि.

नाही सांगितली. मीच विचारलं नाही. पंचवीस वर्षं मला रुखरुख होती, त्या बाईला गाडी मिळाली की नाही. आता कळलं, मिळाली. आज जालमसिंगलाही हे सांगितलं. तो गाडी चालू ठेवून ऐकत राहिला, मागची माणसं ओरडायला लागली तरी.

वहीत अशा किती बायका असतील ज्यांच्या पोटाचं गाव जुळत नाही, ते सवडीने बघून कळव. मला आता झोप येणार नाही. चेतनाला माझे आशीर्वाद सांग, आणि कोट पहिल्या धुण्यात आटेल, उन्हात वाळवू नको म्हणावं.

बाकी सर्व ठीक. म्हाताऱ्यावर माया असू दे. जरा जास्तच ठेव, तीन बोटं.

तुझा
वहाबदादा