सगळ्या गावांचं एकच पाणी

इंझोरी, ३ एप्रिल १९७३

चि. देवमन यास वच्छलाताईचा जयभीम.

वि. वि. मुंबईले जाऊन अंगावर मांस चढलं म्हणतात, खरं काय? इथं आपल्या वस्तीची इहीर आटली. आमी टँकर मागाले गेलो, तं तहसिलीतला बाबू म्हणे, मुंबईच्या कॉम्प्युटरच्या कागदात तुमच्या इहिरी काठोकाठ भरल्या आहेत. परवा गोमतीकाकू तळाचं पाणी खरवडाले उतरली अन् घसरून पडली. कंबर मोडली. आईमागं जिनं आपल्याले वाढवलं, ती आता कूसही बदलत नाही. तो कागद तुझ्याच हापिसातला काय? कळव.

माया आहेच. पत्राची वाट पाहून राह्यली,
तुझी ताई

मुंबई, २७ एप्रिल १९७३

ती. वच्छलाताईस सादर जयभीम.

वि. वि. काकूचं वाचलं अन् तडक कागद काढून पाहिला. कागद आमचाच. प्रोग्रॅम मोठ्या साहेबांनी लिहिला. समज, प्रत्येक गावाचा एक डबा, अन् डब्यात त्या गावच्या विहिरींचे आकडे, असं मांडायचं होतं. साहेबांनी डबा एकच केला, अन् प्रत्येक गावापुढं त्याच डब्याचा पत्ता लिहिला. नव्या गावाचे आकडे टाकले की आधीचे पुसले जायचे. शेवटचं गाव धरणाकाठचं. म्हणून कोणत्याही गावाचं पाणी विचारलं तरी यंत्र धरणाकाठचंच सांगायचं. दर गावाला नवा डबा केला की भागतं. मी करून दाखवलं. साहेब म्हणाले, तू आकड्यांची कार्डं पंच कर, आम्हाला शिकवू नको. चुकीचा कागद तसाच सचिवालयात गेला. मग मी तुझं पत्र त्यांच्या वरच्यांना दाखवलं. दुरुस्त कागद निघाला, साहेबांच्याच सहीनं. मला मात्र मशीनच्या खोलीतून काढून टपालावर बसवलं. असो. टँकर येईल.

काकूच्या पायाशी डोकं ठेवतो. तुम्हा दोघींचा,
देवमन

इंझोरी, ९ मे १९७३

चि. देवमन यास जयभीम.

वि. वि. टँकर काल आला. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन धावल्या. कोणत्या इहिरीत ओतू, असं डायवरनं जगदेव पाटलाले इचारलं. पाटलानं वरच्या आळीकडे बोट केलं. तिथल्या इहिरीवर आपल्याले अजून चढू देत नाहीत, तुले ठाऊकच आहे. मी बोलली, तं पाटील म्हणे, गावाले पाणी आलं ना, आणखी काय पायजे? दिवस बुडेपर्यंत आमी खाली बसून राह्यलो. तवा कोणीतरी वरून बादलीभर ओतलं.

काकूले पाजलं. तिनं इचारलं, देवमननं धाडलं काय हे पाणी? मी हो म्हटलं. आता काकू येईल त्याले तेच सांगून राह्यली. तिले पत्र लिहिशील तं नाही म्हणू नको.

तुझी,
ताई