हात माझा की गाडीचा?

परंडा,
सोमवार

ती. अमरसिंहदादा यांना धाकट्या चुलतभावाचा, महारुद्रचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं. ती आठही चालतात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं ब्लडप्रेशर वाढायला नको.) तुमच्या गुडघ्याचं काय? नळदुर्गला ऊन कसं आहे? वहिनींना नमस्कार. आईची, म्हणजे तुमच्या काकूंची, तब्येत उत्तम. मोतीबिंदू पिकल्यामुळं तिला माणसं आवाजावरून ओळखावी लागतात, पण चुका काढायला तिला डोळे कधी लागलेच नाहीत.

तर दादा, मागच्या गुरुवारी मी मेलो होतो. म्हणजे तसं वाटलं होतं. ऑपरेशनआधी साखर तपासायची म्हणून आईला घेऊन दवाखान्यात निघालो होतो. गाडी अर्थातच तुमची, दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला दिलेली. (तुम्ही देताना 'लोण्यासारखी चालते' म्हणाला होतात. या शब्दाकडं पुढं येऊ.) एसटी स्टँडपाशी डावीकडं वळायचं. सावकाश स्टिअरिंग फिरवलं, तर ते फिरेना. जोर लावला, तर वीतभर हललं आणि पुन्हा घट्ट. गाडी नाकासमोर सरळ चहाच्या टपरीवर. बाकड्यावरची चार माणसं हातातल्या ग्लासांसकट उभी राहिली आणि बाकड्यापासून हातभर अंतरावर माझा ब्रेक लागला. एकाच्याही ग्लासातला चहा सांडला नाही. त्यातले एक वयस्कर गृहस्थ खिडकीशी येऊन "चहा पायजे तर हाक मारायची की ओ," एवढंच म्हणाले. मागून आई म्हणाली, "आला का दवाखाना?"

मी माझ्या उजव्या हाताकडं बघत होतो. दादा, तुम्हाला सांगायला नको, आबांचा, म्हणजे तुमच्या काकांचा, उजवा हात असाच गेला होता. सकाळी कपाला हात घातला आणि कप उचलेना. तुम्हीच त्यांना उचलून सोलापूरला नेलं होतंत. तेव्हा त्यांना सत्तावन्नावं चालू होतं आणि मला गेल्या महिन्यातच सत्तावन्नावं लागलंय. मला गाडीचा संशयच आला नाही. मला वाटलं, हात गेला, लकवा आला, आता जेवण भरवायला माणूस लागणार. घाम असा फुटला की शर्ट पाठीला चिकटला. मी खरोखर घाबरलो. आईला काही बोललो नाही. गाडी तिथंच सोडून तिला हाताला धरून दवाखान्यापर्यंत चालत नेलं. (डाव्या हातानं.)

डॉक्टरांनी आधी मलाच तपासलं. दोन बोटं पुढं करून "दाबा" म्हणाले. मी इतकी दाबली की त्यांनी बोटं सोडवून घेऊन झटकली. हसायला लावलं, तोंड वाकडं होतं का बघितलं. (भीतीनं झालं होतं तेवढंच.) मग सगळी हकीकत ऐकून ते भले गृहस्थ स्वतः टपरीपर्यंत आले, गाडीत बसले, इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवू लागले. फिरवता फिरवता त्यांचाच चेहरा लाल झाला. उतरून म्हणाले, "काका, लकवा हिला झालाय, तुमाला न्हाय." चहावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कडेला बसून रडलो, हे कुणाला सांगू नका.

मग नबीलाल मिस्त्री आला. दादा, तुम्ही तीस वर्षं एसटीचं जडशीळ स्टिअरिंग ओढलंत, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगतो. त्यानं आधी टायरची हवा बघितली, मग इंजिनवरचा पट्टा दाबून बघितला, तो सैल होता. गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरला, तर पाचच मिनिटांत त्यावर तेलाचे थेंब. पाइप चिरला होता. मग त्यानं स्टिअरिंग हलकं फिरवणाऱ्या तेलाची डबी उघडली, हुंगली, आणि थांबलाच. "काका, ह्यात भजी कुनी तळली?" आत फेस आणि चक्क करडईच्या तेलाचा वास. त्यानं ते सगळं काढलं, नवा पाइप घातला, पट्टा ताणला, योग्य तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, तेव्हा बुडबुडे येऊन आतली हवा गेली. आता करंगळीनं फिरतंय. पण लोण्यासारखी म्हणजे इतकं खाण्यापिण्यातलं असेल, असं तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतंत. राग नाही, मनात आलं ते लिहिलं.

वहिनींना पुन्हा नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
महारुद्र

ता. क. : नबीलालनं विचारल्यावर मी तुमचं नाव सांगितलं, आणि वर तुम्हालाही टोमणा मारला. ते तेल मीच ओतलं. महिन्याभरापूर्वी वळताना गाडी कुईकुई करत होती, त्या डबीच्या झाकणावर तेलाचं चित्र दिसलं, आणि आपलं घाण्याचं करडईचं तेल घरात होतंच. शुद्ध असतं, असं वाटलं. माफ करा. नबीलाल भेटला तर मात्र विषय काढू नका.

आणखी एक : आईचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी बार्शीला आहे. महारुद्रच्याच गाडीत जाईन, नाहीतर डोळे आहेत तसे राहू देत, असं तिनं जाहीर केलंय. गाडी दुरुस्त झाली, दादा, मीच तेवढा राहिलोय. त्या दिवशी गाडी घरी नबीलालनं आणून लावली. त्यानंतर मी ती रस्त्यावर काढलेली नाही. तुम्ही आदल्या दिवशी, मंगळवारी, एसटीनं या. चालवायला नको, नुसते शेजारी बसा. टपरीपाशी गाडी डावीकडं वळेपर्यंत बसलात तरी पुरे.

आईला कळू देऊ नका. रोज सकाळी मी दारातच गाडी चालू करतो, जागेवर स्टिअरिंग डावीकडं, उजवीकडं फिरवतो आणि बंद करतो. तिला वाटतं, मी स्टँडपर्यंत जाऊन आलो. आज म्हणाली, "लई लवकर आलास रं, गर्दी नव्हती व्हय?" मी म्हणालो, नव्हती.