कुलूप न पाहता केलेली किल्ली

प्रिय कानशा,

पत्र पाहून हसशील. चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला मी, आणि चक्क पत्र लिहितोय. काय करू, तू फोन उचलत नाहीस. उचललास तर गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देतोस. पत्र तसं ठेवता येत नाही, मुकाट ऐकावं लागतं.

इथं बरं चाललंय. त्याच उंच इमारतीत आहे अजून. सुतार दार उभं करून जातात, मग मी कुलूप बसवतो. दिवसभर दारं लावून बघायची, उघडून बघायची, पलीकडे कुणी नसतं. माणसं राहायला येईस्तोवर आम्ही कामाला वरच्या मजल्यावर गेलेलो. संध्याकाळी खोलीचं कुलूप आपलं आपणच काढायचं. आलास का, असं विचारणारं आत कुणी नाही. दुसऱ्या खाटेवर मी कपडे पसरून ठेवतो, म्हणजे कुणीतरी राहतंय असं वाटतं. दुकानात काम शिकवताना वस्तादांनी माझं नाव भिंगरी ठेवलं ते काही उगाच नाही. आधीची सगळी कामं सोडली, इथं टिकलो तो त्या खाटेपायी. मुकादमाला सांगून ठेवलं होतं, माझा दोस्त येणार आहे, माझ्यापेक्षा साफ हात आहे त्याचा. तुझं मात्र दर वेळी नवं कारण. आधी आईचा गुडघा, मग दुकानाची डागडुजी, मग म्हणे गाडी लागते. बैलासारखा धडधाकट गडी तू, तुला गाडी लागते? मला राग आला होता. म्हटलं, संपली याची दोस्ती.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. वाळलास का, कधी येतोस, हे झाल्यावर तिनं तुझं कौतुक काढलं. म्हणाली, "तुझा मित्र हुशार निघाला हो. चौकीचं काम धरलंय त्यानं. दर सोमवारी जातो, बाकावर बसतो, सही करतो नि येतो. पोलिसांची कुलपं म्हणजे कायमचं गिऱ्हाईक." मी हो ला हो केलं. मग हळूच विचारलं, अवजारांची पिशवी नेतो ना बरोबर? तर म्हणाली, "नाही रे, हात हलवत जातो."

कानशा, खिशात कानस असल्याशिवाय तू कधी शेजारच्या गल्लीतही गेला नाहीस.

मग वस्तादांना फोन लावला. आधी माझ्यावरच खेकसले, आत्ता आठवण झाली का म्हणून. नंतर आवाज खाली आणून सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कुणी एक माणूस तुझ्याकडे मोडलेली किल्ली घेऊन आला, मालकाच्या गोदामाची आहे, कळलं तर कामावरून काढतील, म्हणून रडला. कुणी रडलं की तू विरघळतोस, लहानपणापासूनची खोड. कुलूप पाहिल्याशिवाय किल्ली करायची नाही, हे वस्तादांनी आपल्याला टपल्या मारून शिकवलेलं. तरी केलीस. गोदाम साफ झालं, आणि पकडलेल्यांकडे तीच किल्ली सापडली, डोक्यावर आपण प्रत्येक किल्लीवर ओढतो त्या दोन रेघा असलेली. एक तुझी, एक माझी. त्या रेघांवरून पोलीस थेट दुकानात. अरे, चोरांचा साथीदार कधी आपली खूण करून देईल का? एवढं साधं कुणाला सुचत नाही? जामीन वस्तादच राहिले, म्हणाले. निकाल लागेपर्यंत गाव सोडायचं नाही, दर सोमवारी हजेरी. आणि शेवटी म्हणाले, तेव्हापासून तो किल्लीवर रेघा ओढत नाही.

तुझ्यावरच्या केसपेक्षा हे मला जास्त लागलं. दोन वर्षं तू एकटा त्या बाकावर बसलास आणि मला सांगितलंस काय, तर गाडी लागते.

आता पत्र कशासाठी ते सांगतो. पाकीट जड लागलं असेल. आत माझ्या खोलीची दुसरी किल्ली आहे, काल बसून घासली. डोक्यावर दोन्ही रेघा ओढल्यात, खोल, पुसल्या तरी जाणार नाहीत अशा. कुलूप न दाखवता किल्ली तुझ्या हातात देतोय, म्हणजे वस्तादांच्या टपलीला आता दोघंही पात्र. निकाल लागेल तेव्हा लागेल. खाटेवरचे कपडे मी काढून ठेवलेत. तोवर सोमवारी चौकीत जाशील तेव्हा ही खिशात असू दे. हात हलवत जाऊ नकोस.

तुझाच,
भिंगरी