सोळा नंबरचं खोकं

अण्णा,

आज मी ट्रक चालवला. इथे त्याला लॉरी म्हणतात, आणि ही तर दहा फुटी, तुमच्या बदल्यांच्या ट्रकपुढे अगदीच पोर. पण मागे उघडा हौदा, वर ताडपत्री, आणि गिअर हातानेच टाकायचे. भाड्याने देणाऱ्या माणसाने माझ्या लायसन्सकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. "आंटी, मॅन्युअल हां. यू शुअर?" मी मुळीच शुअर नव्हते. फाटकाबाहेर पडेपर्यंत दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्या वेळी मला कालव्याच्या कडेचा तो कच्चा रस्ता आठवला, तुमच्या पाटबंधारे खात्याची जीप आठवली, आणि शेजारी बसून "पाय एकदम उचलू नकोस, तिला कळू दे आपण निघतोय ते" असं म्हणणारे तुम्ही. पाय आपोआप हळू सुटला. आता संध्याकाळचे पाच वाजलेत, गाडी सहाला परत करायची आहे, आणि मी तिच्यातच बसून सामानाच्या यादीच्या उरलेल्या फॉर्मांच्या पाठीवर तुम्हांला लिहिते आहे. का, ते विचारू नका.

आम्ही सिंगापूर सोडतोय. तुम्ही गेल्यानंतर आठ वर्षांनी इथे आलो, त्याला चौदा वर्षं झाली. ऑफिसने आमची टीमच बंद केली, माझा नोकरीचा पास महिनाअखेरीस संपतो. तुमचे जावई तुम्ही पाहिलेत तसेच आहेत, म्हणजे जहाजावर. सामान समुद्रमार्गे न्हावाशेवाला आणि तिथून पुण्याला जाईल. एवढ्या लांबच्या वाटेतला माझ्या वाट्याचा तुकडा म्हणजे हौगांगच्या फ्लॅटपासून जुरोंगकडच्या गोदामापर्यंतचा, तासाभराचा. जावई फोनवर म्हणाले, "अगं, पॅकर्सची माणसं येतात, बांधतात, उचलतात. तू फक्त सही कर." मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. तुमची नात सतरा वर्षांची आहे. तिला इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात जागा मिळाली आहे, हॉस्टेलही. मी मोठ्या समंजसपणाचा आव आणून तिला म्हटलं होतं, "तुझं तू ठरव." तिने ठरवलं. तेव्हापासून माझ्या घशाशी एकच वाक्य अडकलंय, की राहू नकोस, माझ्याबरोबर चल. घरात ते निघत नव्हतं. वाटलं, ट्रकच्या केबिनमध्ये तासभर दोघीच असू, दार उघडून कुणी उठून जाऊ शकणार नाही, तिथे निघेल.

सकाळी तिने आणि मी मिळून सगळं खाली आणलं. तिची दोन खोकी तिने लिफ्टजवळ वेगळी ठेवली होती. "हे लास्ट टाकूया, मम्मी, हॉस्टेलला फर्स्ट उतरेल." बरोबरच होतं. शेवटी चढलेलं आधी उतरतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. दोर बांधून झाल्यावर मी अंगठ्याने तो छेडून पाहिला, तुम्ही पाहायचात तसा. सैल दोर गप्प बसतो, ताणलेला बोलतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. "व्हॉट आर यू डुइंग, लाह?" हे 'लाह', 'लॉर' म्हणजे इथल्या इंग्रजीची शेपटं. मी म्हटलं, आजोबांची सवय. तिने तुम्हांला फक्त फोटोत पाहिलंय.

आणि बॉम्ब शेल्टरमधून सोळा नंबरचं खोकं निघालं. दचकू नका, इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक खोली असते, नाव बॉम्ब शेल्टर आणि काम अडगळीचं. पुण्याहून येताना या खोक्यावर मी स्वतःच्या हाताने सोळा लिहिलं होतं. पट्टी तशीच, सुतळी तशीच. चौदा वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. आत काय आहे ते आठवेना. मी तिथेच खाली बसले, कारण मला तुमचं चहापत्तीचं लाकडी खोकं आठवलं. धरणाच्या प्रत्येक कॉलनीत आपण गेलो, प्रत्येक क्वार्टरमध्ये बाकी सगळं लागलं, आणि ते पत्र्याच्या कडांचं खोकं तेवढं पलंगाखाली बांधलेलंच राहिलं. "विंचवाचं बिऱ्हाड," आई म्हणायची, आणि तुम्ही ऐकलं न ऐकलंसं करायचात.

तेरा वर्षांची असताना मी ते उघडलं होतं. तुम्ही दोघं आठवड्याच्या बाजाराला गेला होतात. आत आईने शिवलेले पडदे होते, हळदी रंगाचे, खाली हिरवी किनार. मी ते बाहेरच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना लावले, आणि ते सरकारी क्वार्टर एकदम कुणाच्या तरी घरासारखं दिसायला लागलं. मी दारात उभी आहे, शाबासकीची वाट पाहत. तुम्ही येता, पिशव्या खाली ठेवता, एकेक पडदा काढता, घडी घालता. "लावायची हौस सगळ्यांना. पुन्हा बांधावं लागेल, ते कोण करणार?" आवाज चढवला नाहीत, पण तसं तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. आई म्हणाली, त्यांना सरकारी भिंतीत खिळा ठोकायचा नसतो. आत्या म्हणाली, आधीच्या गावाहून निघताना पोरगी तीन दिवस रडली, म्हणून. मला दोन्ही कारणं पटत नाहीत. तुम्ही गेल्यावर खोकं उघडलं तर पडद्यांना कसर लागलेली. आईने त्यांची पायपुसणी केली.

गोदामाची वेळ आधीची मिळाली, म्हणून हॉस्टेल मागे ठेवून आधी तिकडे निघालो. केबिनमध्ये मी बोलले नाही. आधी लेन बदलायची होती, मग एक मोठा ट्रेलर मागे लागला, मग एक्झिट आलं. एक्स्प्रेसवेवर पन्नाशीच्या बाईने पहिल्यांदा लॉरी हाकणं आणि त्याच वेळी मुलीला 'चल' म्हणणं, दोन्ही जमत नाही. कारणं काय, मागाल तितकी देते. गोदामात एक म्हातारा चिनी अंकल यादी तपासत होता. सोळासमोर मी 'किरकोळ' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. त्याने त्यावर पेन आपटलं. "आंटी, धिस वन कॅनॉट. इनसाइड गॉट व्हॉट, मस्ट राइट."

"आय डोन्ट नो," मी म्हटलं.

"युअर बॉक्स, यू डोन्ट नो?"

मुलीने सुतळी कापली. आत पडदे होते, अण्णा. निघायच्या आदल्या आठवड्यात आईने शिवलेले, तसलेच हळदी, हिरव्या किनारीचे. माझ्या नव्या घरासाठी म्हणून तिने ते मशीनवर बसून शिवले होते, मोतीबिंदूचे डोळे घेऊन. आणि मी ते विसरले. फ्लॅटला घरमालकाचे ब्लाइंड्स होते, हे काही उत्तर नाही. चौदा वर्षं हाताशी होती.

मुलीने एक पडदा उलगडला आणि अंगासमोर धरला. "ब्रँड न्यू," ती म्हणाली. आणि मग, "सो ऑल दीज इयर्स आपण मूव्ह इन केलंच नाही, इज इट?" तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती त्या फ्लॅटमध्ये मोठी झाली, तिचे दात तिथे पडले, तिच्या उंचीच्या रेघा तिथल्या दाराच्या चौकटीवर आहेत. तिच्या घरात मी चौदा वर्षं पाहुणी म्हणून राहिले की काय, मला खरंच कळेना. अंकल पेन धरून उभा होता.

"हे लिहू नको, मम्मी. हे हॉस्टेलला नेते. माझ्या विंडोला लावते."

आणि माझ्या तोंडून आलं, "राहू दे गं. दोन वर्षांसाठी कशाला? पुन्हा बांधावं लागेल."

मी हादरले. शब्द तुमचे, सूरही तुमचा. मला वाटलं आता तिचा चेहरा पडेल, माझा पडला होता तसा. ती नुसती हसली. "देन पॅक अगेन लॉर. त्यात काय?" आणि पडदे तिने बाजूला उतरवलेल्या आपल्या खोक्यांवर नेऊन ठेवले. एवढं सोपं उत्तर होतं. तेरा वर्षांची असताना मी ते तुम्हांला दिलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत? मी अंकलला सोळा नंबर खोडायला सांगितला.

मग रिकाम्या लॉरीत तिची दोन खोकी आणि पडदे घेऊन आम्ही हॉस्टेलकडे निघालो. रस्ता सरळ होता, गर्दी नव्हती, वाक्य अगदी ओठांवर. मी घसा खाकरला. तिने मान काचेला टेकवून डोळे मिटले होते. मी पुन्हा घसा खाकरला. तिने हालचाल केली नाही. हॉस्टेल आलं, ती लगेच जागी झाली, आम्ही खोकी वर नेली. स्टुलावर चढून तिने पडदे लावले. खिडकीला ते आखूड होतात. मी खाली येऊन गाडीत बसले आणि रडले.

या पत्रामागच्या फॉर्मवर माल घेणाऱ्याच्या पत्त्याला चौकट आहे. ती मी कोरी ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलंय. मला दहावीसाठी मामाकडे नाशिकला सोडलंत, तो बदलीचा ट्रक. आई आणि दादा एसटीने पुढे गेलेले, मी केबिनमध्ये तुमच्या शेजारी, माझी एक पेटी सगळ्यात शेवटी चढवलेली. मामाकडे राहायचं मीच ठरवलं होतं, आणि त्यानंतर तुमच्या घरी मी फक्त सुटीला आले. ड्रायव्हर रस्त्याकडे बघत होता. तुम्ही दोनदा घसा खाकरलात. तुम्ही काय म्हणणार होतात, ते मला आजही माहीत नाही.

मी झोपले नव्हते, अण्णा. मी डोळे नुसते मिटले होते.