पुसण्याची परवानगी

९ जाने., शुक्र.
तिसरा दिवस. फाइली ठेवायचा स्टोरेजचा डबा चालू, त्या टीव्हीवर दाखवणारा सर्व्हर चालू, दोन्ही एकाच राउटरला. तरी सर्व्हरला 'लग्ने' हे फोल्डर दिसत नाही. वडिलांनी, आण्णांनी, शूटिंग केलेली सगळी लग्नं त्यात आहेत. कॅसेटी गेल्या वर्षी नगरहून डिजिटल करून आणल्या, मग भंगारात दिल्या. आता जे आहे ते या डब्यात.

सर्व्हरसाठी वेगळा युजर केला होता, फक्त वाचण्यापुरता. परवानगी नाही, एवढंच उत्तर. शेवटी कॉलेजातल्या संगणकाच्या शिंदे सरांना फोन.
"सर, कशाला लोड घेताय? तुमचंच युजरनेम-पासवर्ड टाका. तुम्ही मालक, तुम्हाला सगळं खुलं."
टाकलं. पाच मिनिटांत पडदाभर नवरा-नवरी. खाली आण्णांच्या टीव्हीवर, वर धाकट्या भावाच्या, दत्ताच्याही.

आण्णा रिमोट सोडेनात. एका लग्नात म्हणाले, "लाइट हलतीया. तूच असशील." सुट्टीत लाइट मी धरायचो. हात दुखायचा.

११ जाने., रवि.
कमलबाई आल्या. वस्तीवरच्या. लग्न होऊन गेल्या, सात वर्षांनी परत आल्या, ते सगळ्या गावाला माहीत आहे. नवरा रावसाहेब म्हशींचा व्यापारी. त्याने दुसरं घर केलं.
"सर, कोर्टात ल्हिऊन दिलंय त्यानं. लगीनच न्हाई झालं म्हनं. मग मी सात वरीस कुनाच्या भाकरी थापीत व्हते?"
पत्रिका नाही, फोटो त्याच्या घरी. लग्न लावणारे भटजी वारले. शूटिंग आण्णांनी केलं होतं, तेवढं त्यांना आठवतं.

मी यादी शोधेपर्यंत आण्णांनी लावूनही दिलं. त्या उभ्यानेच बघत होत्या.
"लाइटीनं डोळं दिपलं व्हतं. नवराबी नीट दिसला न्हाई. तवाच वळखायला पायजे हुतं." हसल्या. मग पडद्यावर त्यांचे वडील आले. "बास. बंद करा."
तारीख वीसला आहे. संक्रांत झाली की पेनड्राइव्हवर देतो म्हणालो.

जिन्यात दत्ता उभा होता, हातात चपला. "कुनाचं लावलंय?"
"असंच कुणाचं तरी."
खोटं का बोललो?

१३ जाने., मंगळ.
आज घरीच. पेपर तपासत होतो. द. चहाला खाली आला. नेहमी येत नाही.
"कमळी आल्ती म्हनं."
"कोण म्हणालं?"
"गाव म्हनतं. रावसाहेब बाजारात माझ्यासंगं धा वर्सं हाय. तुला काय करायचंय त्यात? आज व्हिडिओ मागत्याल, उद्या साक्षीला बोलावत्याल. मग फिर कॉलेज सोडून."
पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. साक्षीचं मात्र डोक्यात राहिलं.
पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच. कॉपी केलेली नाही. उद्या.

१४ जाने.
संक्रांत. द. ने तिळगूळ दिला. गोड बोलायला दोघेही विसरलो.
कॉपी राहिली.

१६ जाने., शुक्र.
फाइल नाही.
'लग्ने' उघडलं, तिच्या जागी काही नाही. मागची आहे, पुढची आहे. दहा-बारा इतर उघडून पाहिल्या, सगळ्या चालतात. नेमकी एक गेली. टीव्हीवरच्या यादीत तिचं छोटं चित्र अजून दिसतं. दाबलं की फाइल सापडली नाही.

द. सकाळपासून बाजारात. पाण्याची टाकी बघण्याच्या निमित्ताने वर गेलो. रिमोट गादीवर. मेनूत तिसऱ्या ओळीत 'काढून टाका'. खालच्या टीव्हीवरही तेच. सर्व्हरला मी माझे अधिकार दिले, म्हणजे रिमोट ज्याच्या हातात त्याला दिले.
पुसलेलं ज्यात जातं ती कचरापेटी मीच बंद ठेवली होती. जागा वाचावी म्हणून.

१७ जाने., शनि.
स्टोरेजची नोंदवही उघडली. मंगळवार तेरा, सकाळी ११.१०. त्या फाइलचं नाव, पुढे 'काढली'. काढणारा: मी.

शिंदे सर फोनवर: "बरोबर आहे सर. सर्व्हर तुमच्या नावाने आत जातो. वरच्या टीव्हीवरून पुसा, खालच्या टीव्हीवरून पुसा, नोंद तुमचीच." मग हसून, "का तुम्हीच पुसलंत?"

मंगळवारी अकराला पेपर तपासत होतो. असं आठवतं. द. चहा पिऊन वर गेला की बाहेर, ते पाहिलं नाही. आण्णा टीव्हीसमोर होते.

आण्णांना विचारलं.
"मोडलेलं लगीन मी दुकानात ठेवत नव्हतो," म्हणाले. "पोरीचा बाप यायचा. आण्णा, पुसून टाका, बघवत न्हाई. पुसायचो. वर दुसरं लगीन भरायचो."
"कमलबाईंचं पुसलंत का?"
"तिचा बाप आल्ता. तवा म्हनलं, राहू दे, नांदंल पोर."
"तेव्हा नाही. आता. मंगळवारी."
रिमोटकडे बघत राहिले. "ह्याला पुसायचं बटन हाय व्हय?"
खरं बोलतात की... कळत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं यांच्या घरात राहतोय.

१८ जाने., रवि.
द. ला सरळ विचारलं. म्हशीचं दावं सोडत होता, वळला नाही.
"नाव कुनाचं आलंय?"
"माझं."
"मग मला काय इचारतो, मास्तर?"

शिंदे सर म्हणतात, सर्व्हर फोल्डर पुन्हा तपासेल तेव्हा उरलेलं चित्रही जाईल. तपासणी बंद केली. टीव्हीसमोर उभं राहून मोबाईलवर त्या चित्राचा फोटो काढला. नीट पाहिला नाही. फोन खिशात ठेवला.

१९ जाने., सोम.
कमलबाई आल्या. सांगितलं. ओरडल्या नाहीत. "गेलं?" एवढंच. मग, "कुनी केलं?"
"नोंदीत माझं नाव आहे. मी केलेलं नाही."
"रावसाहेबबी असंच म्हनतो. मी न्हाई."

फोनमधलं चित्र दाखवलं. सर्व्हरने लग्नातला कुठलातरी क्षण स्वतःच निवडलेला. अंतरपाट धरलेला आहे. नवरा पाठमोरा, कोणीही असू शकेल. कमलबाई खाली मान घातलेल्या. मागे आंदणातलं लोखंडी कपाट, दाराला आरसा.
त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं. आरसा मोठा होत गेला.
"ह्ये तुमचं आण्णा. खांद्यावर कॅमेरा." थांबल्या. "आन् बाजूला लाइट कुनी धरलीय?"

चेहऱ्याच्या जागी उजेडाचा पांढरा गोळा आहे. दोन हात दिसतात. एका हातात लाइट, त्या हाताच्या कोपराखाली दुसऱ्या हाताचा टेकू. हात दुखला की मी तसाच धरायचो.
"मला हे लग्न आठवत नाही," म्हणालो. हे खरं आहे. त्या पहिल्यांदा आल्या त्या रविवारीही खरं होतं. तेव्हा मी तिथे होतो का, असं स्वतःला विचारलं नव्हतं.
कमलबाईंनी फोन परत दिला. "उद्या अकराला तारीख हाय, नेवाशात. फोटू काय बोलायचा न्हाई."
चहा न घेता गेल्या.

२० जाने., मंगळ.
सकाळी लवकर बसून सर्व्हरसाठी पुन्हा वेगळा युजर केला. फक्त वाचायचं, पुसायचं नाही. या वेळी चाललं. मागच्या वेळी वरच्या फोल्डरची परवानगी द्यायची राहिली होती. दोन मिनिटांचं काम.

रजेचा अर्ज लिहिला. कारणाची ओळ कोरी आहे.

नऊ वाजता खाली गाडीचा हॉर्न. द. आणि मागे रावसाहेब, पांढरे कपडे, परीटघडीचे. त्याने मला हात जोडले. लग्नातही जोडले असतील, लाइटवाल्याला जोडतात तसे.
द. म्हणाला, "नेवाशाला चाललोय. कॉलेजात सोडू का तुला?"
कॉलेजही नेवाशातच.
"तुम्ही व्हा पुढं," म्हणालो. "मी येतो."
"कुठं येतो?" द. ने विचारलं. गाडी चालूच होती.