मिनिटाला एकशे तीस शब्द

जीव्हस्टन, ४ फेब्रुवारी २०१२

ती. लॉर्नाताईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार आईने लावलेल्या सवयीचा आहे, मनातला नाही. मी बागेत सफरचंदं तोडत असताना तू आलीस, माझा जुना कॉम्प्युटर भंगारात दिलास आणि नवा मांडून लाँसेस्टनला परत गेलीस. कुणी सांगितलं होतं तुला?

ग्वेनने माझ्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यात होता. पडद्यावर एकेक शब्द यायचा, मी मोठ्याने वाचायचो, तेवढा वेळ जीभ अडखळायची नाही. त्याची एक प्रत कपाटात होती, ती नव्यावर सुरू होते, पण मी तोंड उघडेपर्यंत अख्खं भाषण संपलेलं असतं. टॅमसिनचं लग्न सतरा मार्चला आहे. वधूपित्याला बोलावं लागतं, आणि पोरीची आई, ग्वेन, जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या जागी दुसरं कोण उभं राहणार?

लहानपणी माझं प्रत्येक वाक्य तू पुरं करायचीस. आता यंत्रही तसलंच आणलंस.

लोभ आहे तेवढा पुरे.
एरल

लाँसेस्टन, ९ फेब्रुवारी

चि. एरल यास आशीर्वाद.

उपकार राहिले बाजूला, वर शिव्या. त्या खोक्यातून जळका वास येतो हे ख्रिसमसला तूच म्हणालास ना? तरी विचारायला हवं होतं, चुकले. भंगारवाल्याकडे जाऊन आले. तो सुटे भाग करून मोकळा झालाय.

शेजारच्या मिसेस पायबस पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. त्या म्हणाल्या, असे जुने प्रोग्रॅम घड्याळ बघत नाहीत. ठरावीक आकड्यापर्यंत मोजतात आणि पुढचा शब्द दाखवतात. जुनं यंत्र सावकाश मोजायचं, नवं क्षणात उरकतं. नव्यात जुन्याचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम बसवता येतो, हवा तेवढा हळू. पण किती हळू? शब्द मिनिटाला किती यायचे ते कळव.

रागावलास तरी जेवत जा.
तुझी ताई

जीव्हस्टन, १३ फेब्रुवारी

ताई,

मी वाचत होतो, मोजत नव्हतो. ते ग्वेनला ठाऊक, आणि तिला विचारायची सोय नाही. प्रोग्रॅमची प्रत सोबत पाठवतोय. ही तरी हरवू नकोस.

एरल

लाँसेस्टन, २० फेब्रुवारी

चि. एरल,

ग्वेनने प्रोग्रॅममध्येच स्वतःसाठी टिपणं ठेवलीत. पहिलं १९९४चं आहे: मिनिटाला चाळीस शब्द, एरल दमतो. मग दरवर्षी आकडा थोडा वाढवलाय, आणि पुढे प्रत्येक वेळी तेच लिहिलंय, त्याला कळलं नाही. शेवटचं २००९चं आहे. एकशे तीस.

मी मिसेस पायबसना घड्याळ धरायला सांगून पेपर मोठ्याने वाचला. एकशे अठ्ठावीस. तुझ्यापेक्षा दोन कमी.

वेग बसवून मिळेल. पण तुला तो लागणार आहे का, एरल? मला रडू येतंय आणि तिचा रागही येतोय. मला तरी सांगायचं होतं.

तुझी ताई

जीव्हस्टन, २४ फेब्रुवारी

ती. ताईस,

पंधरा वर्षं बायकोने मला फसवलं आणि भांडायलाही थांबली नाही. ते टिपण मी दहा वेळा वाचलं. संताप आवरत नाही. मग पडदा बंद ठेवून गोठ्यात गाईंना भाषण ऐकवलं. सात ठिकाणी अडलो. शेवटपर्यंत गेलो.

यापुढे पत्र नाही. रविवारी चहाच्या वेळी मी फोन करेन. मी अडलो की तू गप्प बसायचंस, कितीही वेळ लागला तरी. एक जरी शब्द माझ्याआधी पुरा केलास तर लग्नाला येऊ नकोस.

एरल